रास्त मजुरी

"दादा, गाडी पुन्हा चढावर अडकली! मुलं उतरून चालत शाळेत गेली. शाळेनं सांगितलंय, उद्यापासून दुसरी गाडी."

बहिणीचा फोन आला तेव्हा सर्व्हेअर चहा घेत होते. विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासण्यात त्यांची हयात गेली होती. चहा टाकून निघाले.

बहिणीच्या दारात मुलांना शाळेत नेणारी व्हॅन उभी होती. ती चालवणारे भावोजी पायरीवर डोकं धरून बसले होते. गेल्याच आठवड्यात क्लच बदलला, त्यासाठी बहिणीनं शिलाई मशीन विकलं. आणि गाडी पुन्हा तश्शीच!

"गॅरेजवाल्यानं मजुरीत लुटलं," भावोजी म्हणाले. "क्लचपेक्षा मजुरी जास्त!"

सर्व्हेअरांनी बिल पाहिलं. "मजुरी रास्त आहे. क्लचसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दोन माणसं दिवसभर राबतात. गाडी नेली कोणी?"

"मी," भावोजींचा धाकटा भाऊ म्हणाला.

"तिथे थांबला होतास?"

"हललोच नाही. गिअरबॉक्स उतरवताना टॉर्च मीच धरला होता."

"पैसे?"

"मीच दिले. रोख."

सर्व्हेअर गाडीखाली सरपटले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"गिअरबॉक्सच्या बोल्टांवर जुना चिखल दगडासारखा बसलाय. पाना लागला असता तर तो उडाला असता, कडा चमकल्या असत्या. हा गिअरबॉक्स उतरलेलाच नाही."

"बघा! गॅरेजवाला चोर!"

"भावोजी, एकट्या गॅरेजवाल्यानं फसवलं असतं तर यानं खोटं कशाला बोलावं? न उतरलेल्या गिअरबॉक्सला टॉर्च धरला म्हणे! वरवर क्लचची केबल जुळवून घेतली, चार पैसे देऊन खोटं बिल लिहून घेतलं. बाकीचे याच्या खिशात."

धाकटा खाली बसला. "पत्त्यांत गेले, वहिनी. जिंकून परत ठेवणार होतो गं."

बहिणीनं वळून घरात पाहिलं. मशीन ठेवायची ती रिकामी जागा दारातून दिसत होती.

भावोजींनी भावावर हात उचलला नाही. तेवढंही त्राण राहिलं नव्हतं. त्यांनी किल्ली सर्व्हेअरांपुढे धरली.

"विकून टाका. तुम्हाला भाव कळतो."

"या अवस्थेत भंगाराचाच भाव येईल, भावोजी. क्लच टाकून विकली तर..."

"टाकायचा कशाच्या जोरावर? रास्त मजुरी द्यायलाही आता घरात विकण्यासारखं काही नाही."