मागून आणलेली हसळी

जालन्याच्या जुन्या छावणीत, मायदेशी परतलेल्या एका साहेबाच्या बंगल्यात, १९५३ साली चार खोल्यांचं संग्रहालय उघडलं. कापसाचे व्यापारी अमृतलालशेठ बायको लाडबाई आणि पाच महिन्यांच्या नवलकिशोरला घेऊन ते बघायला गेले. शेठ मॅट्रिक झालेले. कुणालाही काहीही समजावून सांगायची त्यांना भारी हौस.

साहेब मूळचा आयर्लंडचा. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे राहणाऱ्या केल्टिक लोकांच्या तलवारी, मडकी, दगडी मुंडकी त्यानं जमवली होती. मधल्या काचपेटीत पीळ दिलेली काशाची लहानशी हसळी होती. खोलीत रखरखीत ऊन येत होतं, तरी काच आतून घामेजली होती. इंग्रजी पाटी शेठनी मनातच वाचली: दलदलीत पुरलेल्या एका मुलाच्या गळ्यातली. बायकोचं मन उगाच खट्टू होईल म्हणून ते काही बोलले नाहीत.

लाडबाई तिथंच थबकली. तिची आधीची दोन्ही मुलं वर्षाच्या आत गेली होती. अशा घरी पुढच्या बाळाला दुसऱ्याच्या घरून मागून आणलेली वस्तू घालतात. परक्याचं समजून मरण त्याला सोडून जातं. नातलगांकडून मागितलेलं आधी लागू पडलं नव्हतं. इतक्या लांबचं घर मरणाला ठाऊक नसेल, असं तिच्या मनानं घेतलं.

तिनं बाळाच्या गळ्यात घालायला हसळी मागितली, पण रखवालदार पुंजाराम कुलूप काढेना.

"शेठ, मागायचं तं देणारं घर पायजे. याचं घर कुठं हाय?"

"काशाचा तुकडा तर आहे. घाला घडीभर," शेठ म्हणाले.

हसळी गळ्यात जाताच रडणारं पोर गप्प झालं. ओळखीचं कुणी आल्यासारखं दाराकडे बघत राहिलं. हसळी काढली तेव्हा त्याच्या मानेवर काळी ओल होती.

पोर जगलं. ताप नाही, खोकला नाही. वर्षाचं झालं तेव्हा शेठनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

फक्त 'नवल' म्हटलं की ते वळून बघत नसे.

पोर चालू लागल्यावर एका संध्याकाळी शेठ लवकर घरी आले. आतल्या खोलीत लाडबाई कुठलातरी अनोळखी शब्द हाकेसारखा म्हणत होती. पोर खिदळत तिच्याकडे धावलं.

"हे कुठलं नाव?"

"त्याच्या आईनं ठेवलेलं."

शेठ हसायला गेले. हसू आलं नाही.

"दिवे लागले की ती दाराबाहेरून हाक मारती," लाडबाई हळूच म्हणाली. "तिच्याआधी मी मारून राह्यले. मंग हा तिच्याकडं जात न्हाई."

तिनं पोराला उचलून त्यांच्या हातात दिलं.

"तुम्ही पण शिकून घ्या. एखाद्या दिवशी मी घरी नसले तर?"