घाबरताय, तर सांगा की

सिग्नल सुटला आणि तिच्या सायकलची चेन पडली.

मागून हॉर्नचा गिल्ला सुरू झाला. ती सायकल ओढत कशीबशी कडेला आली, खाली बसली आणि दोन्ही हात काळे करून घेतले. चेन काही बसेना.

"बस ना गं बाई एकदाची!" ती चेनवरच खेकसली.

"ओरडून नाही बसायची ती. जरा लाडीगोडी लावावी लागते," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. कोपऱ्यावरच्या फ्रेमच्या दुकानाच्या पायरीवर तो उभा होता. कानामागे पेन्सिल, शर्टावर लाकडाचा भुसा. उत्तराची वाट न बघता तो खाली बसला, चेनची एक कडी दात्यावर टेकवली, पेडल अलगद उलटं फिरवलं... आणि चेन मुकाट्याने जागेवर गेली.

"थँक्यू हं. मला तर अगदी रडू यायचं बाकी होतं."

तो एकदम थांबला. मान कलती करून म्हणाला, "तुम्ही... 'किंचित ढगाळ' ना?"

"काय?"

"रेडिओवर हवामान सांगता ना? 'आकाश किंचित ढगाळ राहील...' तो 'किंचित' तुम्ही असा म्हणता, की छत्री घ्यावी की नको तेच कळत नाही."

तिला हसू आवरेना. "मग घेता का?"

"घेतो. आणि मग दिवसभर लख्ख ऊन पडतं. आत्या मला वेड्यात काढते. पण तुमचा राग येत नाही."

हात पुसायला त्याने एक फडकं दिलं. त्याला टर्पेंटाइनचा वास होता. दिवसभर तिच्या बोटांनाही तोच वास येत राहिला, आणि का कोण जाणे, तिने हात नीट धुतलेच नाहीत.

मग तिला अचानक घरातल्या भिंती रिकाम्या वाटू लागल्या. आधी एका जुन्या कॅलेंडरवरचं चित्र फ्रेम करून झालं, मग पदवीचं सर्टिफिकेट, मग भाचीने रंगवलेला निळा हत्ती. दुकानात गल्ल्यावर त्याची आत्या बसायची. आई-वडील गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं आणि दुकानही सांभाळलं होतं. हत्तीची फ्रेम बांधून देताना आत्या चष्म्यावरून बघत म्हणाली, "तुझ्या घराला भिंती आहेत की नुसत्या फ्रेमाच गं?"

तो आत काच कापत होता. त्याचे कान लाल झाले... ते तिने बरोबर पाहिलं.

पुढे रविवारी सकाळी दोघं सायकलवर जाऊ लागली. तळ्यावरच्या लांब पुलावरून पलीकडे जायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि गप्पा मारत परत यायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. चढ आला की तो मुद्दाम हळू चालवायचा आणि वर म्हणायचा, "मीच दमलो बुवा." तिला सगळं कळायचं. कळूनही ती म्हणायची, "दमणारच, वय झालं तुझं."

सगळं किती छान चाललं होतं! फक्त घरी तिने एक गोष्ट वेगळी सांगितली होती.

ती मोठ्या बहिणीकडे, ताईकडे राहायची. भावोजी एका कंपनीत बड्या हुद्द्यावर. माणूस वाईट नव्हता, पण समोरच्याला पायातल्या बुटांपासून मोजायची त्यांना सवय होती. "कोण आहे गं हा? करतो काय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "त्याचा... आर्टचा बिझनेस आहे."

"अरे वा! मग या रविवारी मीही येतो. माझी नवी सायकल नुसती धूळ खातेय."

शनिवारी संध्याकाळी तिनेच रेडिओवर वाचलं... उद्या जोराचे वारे वाहतील, मोकळ्या जागी आणि पुलांवर दुचाकी नेणं टाळा. वाचताना तिला मनातून बरंच वाटलं. चला, उद्याचं टळलं.

पण सकाळी भावोजी हेल्मेट घालून तयार. खाली उतरले तर झाडं पार कमरेतून वाकत होती. कुणाची तरी प्लॅस्टिकची बादली रस्त्यावरून गडगडत चालली होती. ताई मजा बघायला गॅलरीत आली होती, केस दोन्ही हातांनी धरून.

आणि तो आला. तीच जुनी सायकल, आणि पँटचे पाय चेनमध्ये अडकू नयेत म्हणून लावलेले कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. एक हिरवा, एक गुलाबी.

भावोजींची नजर खाली गेली आणि त्या चिमट्यांवर जाऊन थांबली. तिने ती नजर पाहिली... तिच्या कानशिलांवर गरम चटका बसला. इतके दिवस तेच चिमटे तिला किती आवडायचे!

"आज नको जायला," तो म्हणाला. "पुलावर वारा आडवा लागेल. तूच काल सांगितलंस ना?"

"अहो, रेडिओवर काय, काहीही सांगतात! हिलाच विचारा," भावोजी हसले. ती पण हसली. "आणि काय हो, तुमच्या आर्ट बिझनेसमध्ये हवा लागत नाही वाटतं अंगाला?"

"आर्ट बिझनेस?" तो गोंधळला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पटकन नजर ब्रेककडे वळवली. क्षणभराने तो साधेपणाने म्हणाला, "फ्रेमचं दुकान आहे माझं. कोपऱ्यावर."

"अच्छा... दुकान," भावोजी म्हणाले. आणि तिच्याकडे बघून मिश्कीलसे हसले.

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. खोटं तिचं होतं, पण राग मात्र आला त्याचा. काय गरज होती इतकं खरं बोलायची? निदान आता तरी जरा रुबाब दाखवायचा... तर हा वाऱ्याला भितोय!

"घाबरताय, तर सांगा की सरळ!" ती म्हणाली.

'घाबरताय.' 'सांगा.' इतक्या दिवसांनी पुन्हा 'तुम्ही'. त्याने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट केला आणि म्हणाला, "चला."

पुलाच्या तोंडाशीच भावोजींची नवी सायकल अशी डगमगली की त्यांनी पाय टेकले. "मला... ऑफिसचा एक फोन करायचाय. तुम्ही व्हा पुढे!" म्हणत ते मागे वळले.

"आपणही फिरू या?" त्याने विचारलं.

तिलाही भीती वाटत होती. हँडल हातात थरथरत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं. पण एवढं बोलून गेल्यावर आता माघार कशी घ्यायची? तिने मान हलवली... नाही.

मग तो तिच्या उजवीकडे, कठड्याच्या बाजूला आला. वारा तिकडूनच येत होता. थोडा वेळ तिला वाटलं, वारा पडला की काय. मग कळलं, तो आडोसा झाला होता.

पुलाच्या मध्यावर असा झोत आला की त्याची सायकल सरळ तिच्या अंगावर फेकली गेली. तिला फक्त त्याचे डोळे दिसले. त्याने जोर लावून हँडल उलट्या बाजूला ओढलं... तिला धक्काही लागला नाही. तो मात्र कठड्यावर आदळून खाली कोसळला.

उजव्या बाजूची कॉलरबोन मोडली होती.

दवाखान्यात आत्या धापा टाकत आली. त्याचा गळ्यात बांधलेला हात पाहून तिचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल. "अशा वाऱ्यात जायला सांगितलं कुणी तुला?"

खोलीत ती होती, ताई होती, भावोजी होते.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मलाच हौस."

"मी म्हणतच होतो," भावोजी हळहळले.

ती कोपऱ्यात उभी होती. दोनच तर शब्द म्हणायचे होते... मी सांगितलं.  तिने फक्त त्याच्या उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ती त्याच्याकडे गेलीच नाही. रोज ठरवायची, आणि दुकानाचा कोपरा टाळून लांबच्या रस्त्याने ऑफिसला जायची. स्टुडिओत 'वारे' हा शब्द आला की आवाज चिरकायचा. तो ऐकत असेल का? की रेडिओच बंद केला असेल? त्याचाही फोन आला नाही. कोणत्या तोंडाने ती वाट बघणार होती?

मग एकदा घरी पाहुणे आले. जेवताना भावोजींनी तो किस्सा रंगवून सांगितला. "मी पुलापाशीच ओळखलं, हे काही खरं नाही. परत फिरायलाही अक्कल लागते हो! पण त्या फ्रेमवाल्याला कोण समजावणार?" सगळे हसले. ती वाढत होती. तिच्या हातून पळी खाली पडली. "सॉरी," ती पुटपुटली, आणि पळी धुवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ती सरळ दुकानात शिरली. दोन गिऱ्हाइकं होती. आत्या मोजपट्टी घेऊन एक आरसा मापत होती.

"आत्या, त्याला वाऱ्यात मी नेलं. तो नको म्हणत होता. मी सगळ्यांसमोर त्याला घाबरट म्हणाले." ती एका दमात बोलून गेली. "आणि दवाखान्यात तोंड शिवून उभी राहिले."

 आत्याने मोजपट्टी खाली ठेवली. तिला हे खरंच माहीत नव्हतं.

"पोराने कधी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं," आत्या म्हणाली.  "तुझ्यासाठी लपवलं. मला आत्ता तुझ्याशी बोलता यायचं नाही. तो आत आहे. जा."

आत तो डाव्या हाताने काचेवर रेघ मारायचा प्रयत्न करत होता. काच सरकत होती. तिने पुढे होऊन दोन्ही तळव्यांनी ती दाबून धरली. त्याने काच कापायचा हिरा एकदाच ओढला, वाकडातिकडा. तुकडा निघाला तो बाद.

"ऐकलं मी," तो म्हणाला.

"पडलास ते... माझ्यामुळे."

"पडायचं काही नाही गं. सायकल चालवणारा पडतोच." त्याने हिरा खाली ठेवला. "तू भावोजींबरोबर हसलीस ना, ते लागलं. तुला माझी लाज वाटली. हो ना?"

नाही म्हणायला तिची जीभ उचलली... आणि तिने ती आवरली.

"हो," ती म्हणाली. "वाटली. तुझ्या चिमट्यांची वाटली, दुकानाची वाटली. आता मला माझीच इतकी वाटते, की... आरशासमोर वेणी घालतानासुद्धा वर बघवत नाही."

 काचेचे बारीक कण त्याने ब्रशने एका बाजूला केले.

"मला मनापासून आवडतेस तू," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर... पण हे तू मला इथे, आतल्या खोलीत सांगून काय उपयोग? जिथे हसलीस, तिथे सांग. जमेल?"

त्या रात्री घरी सगळे जेवायला बसले तेव्हा ती बोलली. पानावर हात तसाच होता, डोळे खाली.

"भावोजी, त्याचा कुठलाही आर्टचा बिझनेस नाही. मी खोटं बोलले होते. तुम्ही नावं ठेवाल म्हणून. त्याला पुलावर जायला मी भाग पाडलं. आणि तो पडला तो मला वाचवताना. यापुढे तो किस्सा सांगाल, तर तेवढं नीट सांगा."

भावोजींचा घास हातातच राहिला. "मला... हे माहीत नव्हतं गं," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "आणि ऑफिसचा फोनबिन काही नव्हता. मी जाम टरकलो होतो."

ताईने तिच्याकडे एकटक पाहिलं. "आवडतो का गं तो तुला?"

"खूप."

"मग इतके दिवस आमच्यापासून ते लपवलंस कशाला, वेडे?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी सरळ पानात पडलं. ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "उद्या जेवायला बोलाव त्याला. आत्यांनाही."

तिने हात धुतले आणि फोन लावला. पलीकडे तो होता, आणि मागे आत्याचा भांडी आवरण्याचा आवाज.

"सांगितलं," ती म्हणाली. "सगळं. उद्या जेवायला येशील? तुम्ही दोघंही?"

तो थोडा घुटमळला. "आत्याला विचारतो. आज दिवसभर फुगून बसलीय. येईल ती... पण माझं अवघड आहे. मी डाव्या हाताने जेवतो हल्ली. निम्मं पानात, निम्मं शर्टावर. तुझ्या भावोजींसमोर... कसं दिसेल ते?"

त्याच्या आवाजात तिला पहिल्यांदाच लाज ऐकू आली. आणि ती त्याला तिनेच दिली होती.

"मी तुझ्या शेजारी बसेन," ती म्हणाली. "अगदी लागून."

पलीकडे भांड्यांचा आवाजही थांबला होता.

"मग येतो," तो म्हणाला.