शांतम्माच्या कॉम्प्युटरचं लायसन्स

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी पदरचा एक शब्दही घालत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारचे सव्वादोन. सोलापुरात होटगी रोडला माझं घर आहे. घरात मी एकटा.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन होतं.

माझं नाव चनमल्लप्पा. होटगी जंक्शनला पॉइंट्समन होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी महेश्वरी, लग्न होऊन हैदराबादला आहे. बायको शांतम्मा त्याच्या आदल्या वर्षी गेली.

कॉम्प्युटर तिचा होता.

घरी बसून ती लग्नपत्रिका टाइप करून द्यायची. मराठीत आणि कानडीत. मी ड्युटीवरून आलो की शेजारी बसायचो. पत्रिकेखालचे फोन नंबर मी वाचायचो, ती टाइप करायची. आकडे मात्र आम्ही कानडीतच म्हणायचो. वंद, यरड, मूर... आमच्या घरात मोजणं कानडीतच चालतं.

त्या कॉम्प्युटरमधलं विंडोज चोरीचं होतं. कुणीतरी कॉपी टाकून दिली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम एक ओळ यायची, ही प्रत अस्सल नाही म्हणून. शांतम्माला ती ओळ खुपायची.

"एकदा अस्सल घ्या की. चोरीच्या वस्तूवर लोकांची लग्नं लावतोय आपण."

"घेऊ की," मी म्हणायचो.

अकरा वर्षं तेच म्हणत राहिलो. मग ती गेली.

पहिल्या पुण्यस्मरणाला तिचा चांगला फोटो पाहिजे होता, म्हणून वर्षभरानंतर मी कॉम्प्युटर चालू केला. फोटो मिळाला. पण थोड्या वेळाने स्क्रीन काळी झाली आणि कोपऱ्यात तीच ओळ आली.

माणसं जेवून गेली. महेश्वरी दुसऱ्या दिवशी परत गेली. घर रिकामं झालं.

ती ओळ काही डोळ्यांपुढून हलेना.

मी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घातला आणि अनिलकुमारच्या दुकानात नेला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे त्याचं.

"अप्पा, मशीन लई जुनं हाय," तो म्हणाला. "भंगारात द्या की. एवढ्या जुन्याला कोण लायसन्स घेतंय?"

"मी घेतोय. बिलासकट पायजे."

तो माझ्याकडे बघत राहिला.

पंधरा दिवसांनी त्याने कुठून तरी जुन्या विंडोजचा सीलबंद बॉक्स मिळवला. शांतम्माच्या फाइली जशाच्या तशा ठेवून ते विंडोज घातलं. शेवटची पायरी तेवढी राहिली, कारण दुकानातली लाइट गेली.

"घरी जाऊन ह्या नंबरला फोन लावा," त्याने समजावलं. "आधी स्क्रीनवरचे आकडे मोबाइलवर दाबायचे. मग तिकडनं बाई आकडे सांगती, ते कॉम्प्युटरात भरायचे. रेकॉर्डिंग हाय. माणूस नसतंय तितं."

माणूस नसतं.

हे त्याचे शब्द मी विसरलेलो नाही.

घरी आलो. कॉम्प्युटर जोडला, कूलर लावला, मोबाइल स्पीकरवर ठेवून नंबर फिरवला. एक बाई हिंदीत बोलायला लागली. तिनं सांगितलं तसे सगळे आकडे दाबले. चष्मा वर-खाली करत, एकेक करून.

"धन्यवाद," बाई म्हणाली.

आणि मग काहीच नाही.

मला वाटलं, कॉल कट झाला. मोबाइल उचलणार, तेवढ्यात जाणवलं... कूलरचाही आवाज येत नव्हता. पातं फिरत होतं. वारा अंगाला लागत होता. रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. पण आवाज... नाही.

मग फोनमधून आकडा आला.

"मूर..."

कानडीत.

हात आपोआप कीबोर्डवर गेला. तीन दाबला.

"येळ..."

सात दाबला.

स्क्रीनवर आठ चौकोन होते. प्रत्येकात सहा आकडे. मला टाइप करता येत नाही, एकेक आकडा शोधावा लागतो. मी शोधून दाबेपर्यंत तो आवाज थांबायचा. दाबला की पुढचा आकडा यायचा.

रेकॉर्डिंग असं थांबतं का?

पाचव्या चौकोनात माझं बोट चुकलं. आठच्या जागी नऊ दाबला गेला.

"अल्ल..." आवाज म्हणाला. ते नव्हे. "एंट."

मी आठ केला.

आवाज शांतम्माचा होता, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. लांबून यावा तसा होता. पण माझी चूक त्याला दिसली होती, एवढं खरं.

शेवटचा आकडा भरला. स्क्रीनवर हिरवी खूण आली. प्रत अस्सल झाली होती.

मी मोबाइल बंद करायला हात पुढे केला.

तेव्हा आवाजाने विचारलं, "मन्याग एष्ट मंदी?"

घरात किती माणसं?

"वब्बन," मी म्हणालो. एकटाच.

कूलरचं पातं तसंच बिनआवाज फिरत होतं.

"इल्ल," आवाज म्हणाला. "इब्बर."

नाही. दोघं.

आणि एकदम कूलर घरघरायला लागला. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

संध्याकाळी मी चालतच अनिलकुमारकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने माझा मोबाइल घेऊन कॉल बघितला.

"अप्पा, हा कॉल दोन एकवीसलाच कट झालाय."

दोन एकवीसला तर माझे आकडे दाबून नुकते झाले होते.

"मग पुढचे आकडे कुणी सांगितले?"

"आन् कानडी तर तितं न्हायच. हिंदी न्हाय तर इंग्रजी." त्याने मोबाइल परत दिला. माझ्या नजरेला नजर दिली नाही. "ॲक्टिव्हेट झालंय न्हवं? मग सोडून द्या."

नंतर मी त्या नंबरला किती वेळा फोन लावला, सांगायला लाज वाटते. दर वेळी तीच हिंदी बाई. शेवटी शेवटी तर मी तिच्याशीच बोलायचो. शांता हाय का तितं, म्हणून विचारायचो. ती म्हणायची, आपला विकल्प निवडा.

महेश्वरी रोज म्हणते, "अप्पा, इकडं या. एकटे कशाला राहताय?"

जायला पाहिजे, मलाही कळतं. घरात दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. आतापर्यंत दोनदा बॅग भरली. तिकीट काढलं. रिक्षा दारात उभी राहिली.

दोन्ही वेळा कडी घातली, कुलूप हातात घेतलं... आणि ते लावायला हात उचलेना.

बाहेरून कुलूप घालून आत कुणाला तरी कोंडून चाललोय, असं वाटलं.

रिक्षावाल्याला परत पाठवलं.