देवमाशांचे शिक्के

"खनिज प्राधिकरण खोटं बोलतंय, सर. चुकलेलं नाही. ठरवून, शिक्का मारून खोटं बोलतंय."

हेमांगी गिरपने प्रमाणपत्र टेबलावर जवळजवळ फेकलंच. वेंगुर्ल्याच्या सागरी प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वर्दे नुसते हसले. पश्चिम पट्ट्यात देवमासे नाहीत, असं त्या कागदावर लिहिलं होतं. खाली तिच्या सहीची जागा मोकळी होती. तिने सही केली की उद्या सकाळी त्या पट्ट्याच्या तळाशी सुरुंग लागणार, खनिजं उपसायला.

"तुझ्या नोंदवह्या काय सांगतात?" वर्दे म्हणाले. "पश्चिमेला एक शिक्का नाही. सगळे दक्षिण पट्ट्यात."

शिक्के म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या शिकारी जहाजांच्या नोंदवह्यांतले. देवमासा मारला की समासात अख्ख्या देवमाशाचा काळा शिक्का, निसटला तर नुसत्या शेपटीचा. त्या वह्या वाचण्यात हेमांगीची उमेदीची वर्षं गेली होती, म्हणून तर सही तिची हवी होती.

"त्या वह्या खोट्या आहेत. तीन महिन्यांपूर्वी नकाशा काढून दाखवला की तुम्हाला!"

तिला पहिला संशय आला तो घरच्या अनुभवावरून. जाळं बांगड्यांनी फाटायला आलेलं असायचं आणि तिचे काका वायरलेसवर ओरडायचे, "हय काय नाय रे, नुसता पाणी!" ते कप्तानही तसलेच. भर समुद्रात जहाजं भेटली की एकमेकांकडे जेवायला जायचे आणि एकमेकांच्या वह्या चाळायचे. मग चांगली जागा वहीत खरी लिहील कोण? पण वारा आणि हवेचा दाब मात्र खरा लिहायचे; वारा कोण चोरणार? प्रत्येक जागेचं त्या त्या दिवसाचं हवामान वेगळं. आजूबाजूच्या जहाजांचे वारे जुळवले की लबाड जहाजाची खरी जागा सापडते. हेमांगीने त्याला नाव दिलं होतं वातठसा. तो लावला आणि दक्षिणेचे सगळे शिक्के पश्चिमेला सरकले. जी जहाजं खरोखर दक्षिणेला फिरली, त्यांच्या वह्यांत तिथला एकही शिक्का नव्हता; दक्षिण पट्टा ओस पडला.

"ते अजून छापून आलेलं नाही," वर्दे म्हणाले. "आणि वह्या ठेव बाजूला. प्राधिकरणाचं जहाज महिनाभर पश्चिमेला उभं होतं. पाण्याखालचा आवाज टिपणारे पाणकान सोडून ऐकत होतं. एक देवमासा बोलला नाही. आता बोल!"

"तेच ध्वनिमुद्रण मी आठवडाभर ऐकतेय."

"रिकामा समुद्र ऐकत बसलीस? धन्य आहे."

"रिकामा कुठला? वारा होता ना त्यात. वारा वाढला की लाटा जास्त फुटतात, बुडबुडे होतात, पाण्याखालची फसफस वाढते. त्या फसफशीवरून तासातासाचा वारा काढता येतो. काढला. मग वातठसा घेतला."

वर्द्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"उपग्रहाच्या नोंदी काढल्या," ती म्हणाली. "त्या महिन्यात पश्चिमेला दोन वादळं झाली. मुद्रणात एकही नाही. जहाज तिकडे गेलंच नव्हतं, सर. मुद्रणातला वारा तासातासाला जुळतो तो दक्षिण पट्ट्याशी; ते तिथे होतं."

 वर्द्यांना आश्चर्य वाटलेलं नाही, हे तिने बरोबर टिपलं.

"खलाशांची चूक असेल," ते म्हणाले. "होतं असं."

"मीही आधी तेच म्हटलं. पण जगातली प्रत्येक छापील नोंद सांगते की दक्षिण पट्टा देवमाशांनी गच्च भरलाय. ज्याला शांतता मुद्रित करायचीय तो तिथे कशाला मरायला जाईल? तिथे तोच जाईल, ज्याला माहीत आहे की कप्तान खोटं बोलले. इतक्या जहाजांनी पालथा घातलेला आणि तरी एक शेपूटही न दिसलेला समुद्र तेवढा एकच. आणि तो फक्त माझ्या नकाशात आहे."

"हेमांगी, तू जरा..."

"तो नकाशा मी संगणकावरसुद्धा ठेवला नाही. कागदावर काढला आणि याच टेबलावर पसरला. तुम्ही म्हणालात, शाबास पोरी, ठेवून जा, निवांत बघतो."

या खोलीत आजवर ती उभ्यानेच बोलत आली होती. आज तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली.

"सहीचं नंतर बघू. आधी सांगा, सर. माझा नकाशा तुम्ही कोणाला दिलात?"