दोन चमचे आणि एक कॅसेट

त्या शेवटच्या साध्या सकाळी बाबा नेहमीसारखे दोन चमच्यांनी टेबलावर ठेका धरून बसले होते. तरुणपणी ते एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे.

"आमच्या सगळ्या व्हिडिओंची मिळून एक कॅसेट निघाली होती," ते म्हणाले. "हल्ली कुठे बघायला मिळते का, शोध ना."

"बघते हो. आणि बाबा, पुरे ना ते!" फोनवरून नजर न उचलता त्यांची मुलगी म्हणाली.

चमचे थांबले. दुसऱ्या दिवशी बाबांचं हृदयही.

मग मात्र तिने जंग जंग पछाडलं. इंटरनेटवर जिथे जावं तिथे तेच — हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही. शेवटी एका बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचं दार तिने ढकललं, आणि खोका घेऊन बाहेर येणाऱ्या माणसावर जाऊन आदळली. कॅसेटी जमिनीवर.

"लोक आधी सॉरी म्हणतात," तो हसला. "तुम्ही तर थेट नावं वाचायला बसलात!"

तो जुन्या कॅसेटी दुरुस्त करायचा. इथला उरलासुरला माल त्यानेच घेतला होता. बँडचं नाव ऐकून म्हणाला, "आहे. पण बुरशी लागलीय. आठ दिवस द्या."

आठ दिवसांत ती पाचदा त्याच्या दुकानात गेली.

"पुन्हा? कॅसेटसाठी, की..."

"कॅसेटसाठीच!" तिचे कान तापले.

मऊ फडक्याने तो वीतवीत फीत पुसायचा आणि ती त्याची बोटं बघत बसायची. टक... टकटक.

"तुमचा नळ गळतोय वाटतं."

तो थबकला. "दुकानात नळच नाहीये."

नवव्या दिवशी दुपारी त्याने कॅसेट मशीनमध्ये सरकवली. "एकदाच चालेल, मग तुटेल. सोबतच नक्कल उतरवून घेतोय. पण पहिल्यांदा गिऱ्हाइकाला शेजारी बसवूनच लावायची, हा आपला नियम."

पडद्यावर लांब केसांचे बाबा. प्रत्येक गाण्याच्या शेवटी ते सरळ कॅमेऱ्यात बघायचे — कोण बघतंय, ते पाहावं तसे. शेवटचं गाणं संपता संपता फीत तटकन तुटली. पडदा काळा झाला.

ठेका चालूच होता.

तो समोरच्या टेबलातून येत होता. तळव्याखालचं लाकूड तिला थरथरताना जाणवत होतं.

"तुम्हालाही...?" तिने विचारलं.

"हो." त्याने आपला हात हलकेच तिच्या हातावर ठेवला. "घाबरू नका, मी आहे. म्हणजे... तुम्हाला चालणार असेल, तर यापुढेही."

ठेका अडखळला. थांबला — अगदी त्या सकाळी थांबला होता, तसाच.

"चालेल," ती त्याला म्हणाली. हात काढून घेतला नाही. मग टेबलाकडे वळली.

"वाजवा ना, बाबा. मला आवडायचं."