बंद बास

ही गोष्ट माझ्या मामेभावाच्या बाबतीत घडली. शब्दन् शब्द खरी आहे. पटत नसेल तर ड्रम वाजवणाऱ्या दाताच्या डॉक्टरला विचारा, तो तिथेच होता. तो आधी तोंड उघडायला सांगेल, ते वेगळं.

भुतांच्या गोष्टी रात्री बाराला घडतात म्हणे. ही दुपारी बाराला घडली.

मार्चमधला रविवार. एका हॉटेलची गच्ची, आठवा मजला. लख्ख ऊन. साठ-सत्तर माणसं निवांत सूप पीत बसलेली.

माझ्या मामेभावाला सगळे खांब म्हणतात. उंची सहा फूट दोन इंच, आणि स्टेजवर उभा राहिला की हलत नाही. मी तेवढा दादा म्हणतो. दादा बास वाजवतो. बास म्हणजे चार जाड तारांची, घोगऱ्या आवाजाची गिटार. गाण्यात ती कुणाच्या लक्षात येत नाही. नसली की मात्र सगळ्यांना चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

"घरातल्या बायकोसारखं," वहिनी म्हणते.

अकरा वर्षं दादा दुसऱ्यांच्या बँडमध्ये बदली म्हणून वाजवत होता. कुणाचा बासवाला आजारी पडला की दादाला फोन. लोकांच्या तापावर याचं करिअर. मग या हॉटेलच्या रविवारच्या बँडला कायमचा माणूस हवा होता. गाणारा होता कॅप्टन, म्हणजे बँडचा कॅप्टन, जहाजाचा नाही. त्याने दादाला सहा रविवार दिले.

"जमलं तर तू आमचा," कॅप्टन म्हणाला. "नाही जमलं तर हसत हसत राम राम."

दादाने वहिनीला शब्द दिला होता. इथे नाही जमलं तर बास कपाटावर, आणि तो सासऱ्यांच्या फरश्यांच्या दुकानात. सासऱ्यांनी त्याच्यासाठी खुर्चीही आणून ठेवली होती. चाकांची.

त्या सहा रविवारांसाठी दादाने नवीन बास घेतला. तीन शनिवार दुकानात घालवले. एक बास इतका जड, की गळ्यात अडकवल्यावर खांबच वाकला. दुसऱ्याची मान, म्हणजे तारांची लांब दांडी, एवढी रुंद, की झाडाला मिठी मारल्यासारखं वाटे. तिसऱ्याला पाच तारा. "चार आवरत नाहीत, पाचवी कशाला?" म्हणून तोही परत. शेवटी एक साधा तपकिरी बास मिळाला. हलका. गळ्यात अडकवून हात काढले तरी मान खाली न झुकणारा.

कोरा करकरीत. दुकानदाराने प्लास्टिक दादासमोर फाडलं.

हे मुद्दाम सांगतोय. आधीचा मालक मेला, त्याचा आत्मा तारांत अडकला, असली काही भानगड नाही. मी पावती पाहिली आहे.

पाच रविवार गेले. पाचव्याला कॅप्टन म्हणाला, "खांबा, तू प्रत्येक ठोक्याच्या आधी पोचतोस. कुणी जेवायला बोलावलंय का?"

सगळे हसले. दादाही हसला. घरी येऊन मात्र जेवला नाही.

सहावा रविवार उजाडला.

आता एक गोष्ट समजून घ्या. बासवाल्याच्या पायाशी एक छोटी डबी असते. ट्यूनर. पायाने दाबली की लाल दिवा लागतो आणि बासचा आवाज पूर्ण बंद. मग गुपचूप तारा सुरात लावायच्या. लावून झाल्या की पुन्हा दाबायची. दिवा विझतो, आवाज सुरू. जगातला प्रत्येक बासवाला एकदा तरी ते दुसरं दाबणं विसरतो, अर्धं गाणं मुक्याने वाजवतो आणि शिव्या खातो.

दादाने डबी दाबली. तारा लावल्या. तेवढ्यात कॅप्टनने गाणं सुरू केलं.

पहिलं गाणं चांगलं गेलं.

दुसरं त्याहून चांगलं. पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. प्रत्येक सूर जिथे पडायला हवा, तिथेच पडत होता. कॅप्टनने मागे वळून भुवया उडवल्या. दादाला वाटलं, आज देव पावला.

तिसऱ्या गाण्यात घामाने त्याचं बोट निसटलं. तार छेडलीच गेली नाही.

पण सूर... आला.

भास असेल. पुढच्या ओळीत त्याने मुद्दाम एक सूर सोडला.

तोही आला...

मग त्याने उजवा हात हळूच तारांवरून उचलला. एक बोट... दोन बोटं... सगळा पंजा...

बास चालूच होता.

त्याने खाली पाहिलं.

लाल दिवा.

समोर एक काकू शांतपणे ब्रेडला लोणी लावत होत्या. मागे डॉक्टर मान हलवत खुशीत ड्रम बडवत होता. आणि दादाने, कुणीही शहाणा माणूस करेल तेच केलं. हात परत तारांवर ठेवला आणि वाजवल्याचं नाटक करत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर कॅप्टनने त्याला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा नुसती मिठी मारली.

"आज कुठे वाजवलंस, खांबा! इतके रविवार हा माणूस कुठे लपवला होतास? आजपासून तू कायम."

सगळे खाली गेल्यावर दादाने डबी तपासली. लाल दिवा असताना तार छेडली. शांतता. दिवा विझवून छेडली. आवाज. डबी ठणठणीत होती.

बिघाड असता, तर बरं झालं असतं.

सातव्या रविवारी दादा प्रामाणिकपणे वाजवायला गेला. दिवा विझवला, छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली. कॅप्टनने दुसऱ्याच ओळीला वळून पाहिलं. भुवया उडाल्या नाहीत. खाली आल्या. दादा ठोक्याच्या आधी पोचत होता. पुन्हा तेच. डोळ्यांसमोर चाकांची खुर्ची फिरली.

त्याने पाय उचलला... आणि स्वतःहून डबी दाबली.

लाल दिवा.

एक क्षण काहीच नाही...

मग बास आला. सावकाश, मोठ्या पावलांनी. कुणीतरी बाजूलाच उभं राहून वाट बघत असावं, आणि आता जागा मिळाली म्हणून पुढे यावं, तसा.

त्यानंतर दिवा कधी विझला नाही.

तीन महिने दादा दर रविवारी आठव्या मजल्यावर जाऊन तारांवर बोटं फिरवून यायचा. त्याचं नाव झालं. दुसऱ्या बँडची पोरं येऊन त्याच्या बोटांचे व्हिडिओ काढायला लागली. घरी मात्र त्याने बास पिशवीतून काढणं सोडलं. आधी तो जेवताना टेबलावर बोटांनी ताल धरायचा, वहिनी ओरडायची. आता टेबल गप्प असायचं. वहिनीला शांतता मिळाली, आणि तिला झोप लागेना.

एकदा तिने त्याचा हात हातात घेतला आणि दचकली.

"अरे, तुझी बोटं..."

"काय झालं?"

"तारांचे घट्टे कुठे गेले? एवढं नाव काढतोस, आणि बोटं लोण्यासारखी?"

दादाने हात मागे घेतला. "नवीन क्रीम लावतो," म्हणाला. आयुष्यात त्याने तोंडाला सुद्धा कधी क्रीम लावलेलं नाही.

जूनमध्ये एका रविवारी त्याला ताप भरला. सकाळी नऊला त्याने कॅप्टनला कळवलं, आज येत नाही. गोळी घेतली आणि झोपला. बास पलंगाशेजारी, पिशवीत.

साडेतीनला कॅप्टनचा फोन.

"खांबा! आज तर कहर केलास!"

दादा उठून बसला. "मी सकाळी मेसेज केला होता..."

"हो, बघितला. ताप असून आलास, मानलं तुला. फक्त एक सांगू? राग मानू नकोस."

"काय?"

"लोकांकडे पाठ करून उभा नको राहूस रे... बरं नाही दिसत."

फोन ठेवला गेला. वहिनी दारात उभी होती. "कोण होतं?" तिने विचारलं. दादाने तेव्हा तिला सगळं सांगितलं. पहिल्या लाल दिव्यापासून.

वहिनी येऊन पलंगावर बसली. मग म्हणाली, "जाऊन खरं सांग. फरश्या विकणं वाईट नाही. त्या निदान आपण विकल्याशिवाय विकल्या जात नाहीत."

पुढच्या रविवारी दादा गेला. बास घरी ठेवून, रिकाम्या हाताने, पाऊण तास आधी. कार्यक्रमाआधी कॅप्टनला गाठायचं आणि सांगून टाकायचं. जागा गेली तर गेली.

लिफ्ट वर चढू लागली. पाचवा मजला... सहावा... सातव्याला त्याच्या तळपायांना ते जाणवलं. थरथर.

कार्यक्रम सुरू झालेला होता.

दार उघडलं. कॅप्टन गात होता. डॉक्टर वाजवत होता. ड्रमच्या डावीकडे, दादाच्या जागी, कुणीच नव्हतं. कॅप्टन त्या रिकाम्या जागेकडे झुकून हसत होता. दादाकडे बघून असा तो कधी हसला नव्हता.

"सर, एकटेच?" वेटरने विचारलं, आणि त्याला खुर्चीवर बसवून टाकलं.

दादा ऐकत राहिला. हा माणूस, जो कोण असेल तो, एकदाही ठोक्याच्या आधी पोचत नव्हता.

"आणि बासवर," कॅप्टन माइकमध्ये ओरडला, "आपला खांब!"

गच्ची टाळ्यांनी दुमदुमली. सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. दादानेही टाळ्या वाजवल्या. न वाजवणं वाईट दिसलं असतं.

मध्यंतरात कॅप्टन टेबलाटेबलावर चौकशी करत फिरू लागला. दादा उठला. मनात वाक्य तयार होतं.

कॅप्टन समोर आला. नीट, डोळ्यांत बघून हसला.

"बसा, बसा. जेवण कसं वाटलं? पहिल्यांदाच आलात का तुम्ही?"

तुम्ही.

दादा परत खुर्चीत बसला. तो एवढंच म्हणाला, "बास... फार छान वाजतो."

"तो ना?" कॅप्टनने अभिमानाने मागे पाहिलं. "तो आमचा पहिल्यापासूनचा माणूस आहे."

दादा आता दुकानात बसतो. फरश्या बऱ्या खपतात. मी त्याला विचारलं, "दादा, तू भांडला का नाहीस?"

"कुणाशी?" तो म्हणाला.



आणि मी ही गोष्ट आज का सांगतोय, तर परवा ऑफिसात साहेबांनी मला बोलावलं. माझ्या तिमाही रिपोर्टचं कौतुक केलं. चार वर्षांत पहिल्यांदा. माझी नोकरी यंदा नक्की पक्की होणार, म्हणाले. मी थँक्यू म्हणालो आणि बाहेर आलो.

तो रिपोर्ट मी अजून लिहायला घेतलेला नाही...