न वाकवलेली पट्टी

घरात तिला धाकटी म्हणत. हट्टात मात्र ती सगळ्यांची थोरली होती. मायक्रोस्कोपवर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यामुळे न वाकवलेल्या पट्टीत ताण दिसला, तेव्हा तिने आधी स्वतःलाच धारेवर धरलं.

पट्टी धातूच्या काचेची होती. वितळलेला धातू इतका झटकन थंड करायचा, की अणूंना रांगेत उभं राहायला सवडच मिळू नये. त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत गेला की पडद्यावर वर्तुळ उमटतं. ताण नसेल तर गोल, असेल तर लांबट. आणि ताण दोनच कारणांनी जातो: भार उतरला तर, नाहीतर वस्तू तुटली तर. वाकवलेल्या पट्ट्यांशी ताडून बघायला ही एक कोरी ठेवलेली. तिला कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी वर्तुळ अंड्यासारखं.

"मशीन बिघडलंय," तिच्या मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या ओतणीतली कोरी पट्टी ठेवली, वर्तुळ गोल. पुन्हा ही ठेवली, लांबट. जेवणाच्या सुट्टीत तेवढं हिचंही वर्तुळ गोल व्हायचं. सुट्टी संपली की पुन्हा लांबट, कालच्यापेक्षा थोडं जास्तच.

याच वेळी दादाही जेवायला थांबतो, हे धाकटीला आठवलं. या पट्टीच्याच ओतणीतून, त्याच वितळलेल्या धातूतून, तिने त्याला कडी करून दिली होती. दादा दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसायचा, सगळा भार त्या कडीवर. तिने फोन लावला.

"दादा, कुठे आहेस?"

"लटकलोय. बोल."

"जरा गच्चीवर चढ."

चढला. पडद्यावरचं वर्तुळ गोल झालं.

हे कसं, ते तिला कळेना. पण काय करायचं ते पक्कं कळलं. भाऊ त्या कडीवर पुन्हा लटकणार नाही. संध्याकाळी तिने त्याच्यापुढे पोलादी कडी ठेवली.

"हा धोंडा बांधू कमरेला?"

"धोंडा तर धोंडा. जुनी लावायची नाही. शपथ घे."

"घेतली, बाई!"

तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी दादाची सुट्टी होती. एवढा कसला घोर लागलाय हिला, ते बघायला तो प्रयोगशाळेत आला आणि चहाचा कप घेऊन शेजारी बसला. धाकटीने मोठ्या दिमाखात पट्टी आत सरकवली.

वर्तुळ लांबट होतं. आजवर नव्हतं इतकं.

"दादा, जुनी कडी कुठाय?"

"कामावरच्या जोडीदाराला दिली. सकाळपासून तोच वर आहे. एवढी चांगली वस्तू फेकायची कशाला?"

"फोन लाव त्याला. आत्ता! वर चढ म्हणावं."

दादाने कप ठेवला, फोन लावला. रिंग जात होती.

वर्तुळ आणखी ताणलं.

"उचल रे," दादा पुटपुटला.

वर्तुळ गोल झालं. एकदम गोल.

दादाने पडद्याकडे पाहिलं. "चढला वाटतं," तो हसून म्हणाला.

धाकटीने फोनकडे पाहिलं. दादाच्या हातात रिंग वाजतच राहिली.